प्रेशर प्लेट

भाताच्या बांधीत पाणी भरलेलं होतं, रोपांचे पऱ्हे उपटायला आले होते, आणि बकारामचा ट्रॅक्टर चिखलात जागच्या जागी गुरगुरत होता. इंजिन जोर करायचं, धूर सोडायचं, पण मागची लोखंडी चाकं नुसती शहारल्यासारखी हलायची आणि थांबायची. बकारामनं गिअर काढला, पुन्हा टाकला. पायाखालून जळक्या केसांसारखा वास आला, तसा त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

शेताच्या धुऱ्यावर त्याची बायको कुसुमबाई पातळ गुडघ्यापर्यंत खोचून उभी होती. काय झालं म्हणून तिनं विचारलं. गरम झाला असंल, थंडा होऊ दे, असं बकाराम म्हणाला. खरं म्हणजे त्याला काहीच कळलं नव्हतं.

बैलजोडी विकून त्यानं हा जुना ट्रॅक्टर घेतला त्याला बरेच पावसाळे झाले होते. चालवण्यात तो तरबेज होता. अरुंद धुऱ्यावरून चाक न घसरू देता काढायचा, चिखलणी अशी करायचा की रोवणाऱ्या बायांची बोटं लोण्यात गेल्यासारखी जायची. पण ट्रॅक्टरच्या पोटात काय काय आहे त्याची नावं त्यानं कधी शिकून घेतली नाहीत. गरजच पडली नाही. गावात रामलाल मिस्त्री होता. बकाराम त्याला म्हणायचा, चढावर कुथते, उतारावर खोकलते. रामलाल तेवढ्यावरून पाना उचलून बरोबर त्याच जागी हात घालायचा. रामलाल मागच्या थंडीत वारला. आता अर्जुनीचा गुड्डू मिस्त्री यायचा. तो कानाला मोबाइल लावूनच काम करायचा आणि भराभर बोलायचा.

गुड्डू संध्याकाळी मोटरसायकलवर आला. ट्रॅक्टर सुरू करून पाहिला, पायानं क्लच दाबून सोडला, वास घेतला.

"क्लच प्लेट जरली, काकाजी," तो म्हणाला. "आता हा दोन भागात खोला लागते. प्रेशर प्लेट चांगली असंल तं तेच ठेवू. जुन्या मॉडेलची प्लेट अर्जुनीत नाई भेटत. तुमी सकारी गोंदियाले जाऊन आना, मी दुपारी येतो."

जुनी काढून नमुना घेऊन जाणं बरं, असंही तो म्हणाला. पण रोवण्याच्या दिवसांत जागोजागी ट्रॅक्टर फसून पडले होते आणि त्याला पुढच्या गावी जायचं होतं. जाताना त्यानं प्लेटची इंची, दाते असं काहीबाही सांगितलं. बकाराम प्रत्येक शब्दाला हो, हो म्हणत गेला. समजलं नाही असं एकदाही म्हणाला नाही. कुसुमबाई बाजूला उभी राहून ऐकत होती.

सकाळी रेल्वेत बसल्यावर तो नाव घोकत होता. सुरुवातीला बरोबर होतं. मग डब्यात जागेवरून दोघांचं वाजलं, बकाराम ते पाहत राहिला, आणि परत मनात नाव घेतलं तेव्हा दोन प्लेटा झाल्या होत्या. एक जळली, एक चांगली असेल तर ठेवायची. कोणती कोणती? गुड्डूला फोन लावावा असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, हसेल तो. काल एवढं सांगितलं आणि काकाजी विसरले म्हणून चार गावात सांगेल.

गोंदियातलं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. काउंटरवर एक पोरगी होती. अंगावर दुकानाचा निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले. लोक पार्टचं नाव सांगत, ती मागे वळून न चुकता तो खोका काढी. शेठ गल्ल्यापाशी बसून तिला प्रेरणा म्हणून हाक मारत होता. बकारामची पाळी आली तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. गावातला दुर्गेश होता. नवा ट्रॅक्टर, पांढरे बूट, फिल्टर घ्यायला आलेला.

"काका, तुमी इकडं? काय गेलं जी?"

बकाराम पुढे सरकला. काउंटरवर दोन्ही हात ठेवून, मोठ्यानं, सगळं ठाऊक असल्यासारखा तो म्हणाला, "प्रेशर प्लेट द्या."

प्रेरणानं मॉडेल विचारलं. ते त्यानं सांगितलं, ते त्याला येत होतं. मग तिनं विचारलं, ट्रॅक्टरला काय होऊन राहिलं? चिखलात जोर नाही धरत, असं तो म्हणाला. ती जराशी थांबली.

"मंग काकाजी, क्लच प्लेट पायजेन का तुमाले? प्रेशर प्लेट वेगळी रायते."

"प्रेशर प्लेटच."

"जुनी आनली का संगं? नाई तं मिस्त्रीले फोन लावून द्या, मी बोलतो. विजेचं आन हे सामान खोललं का वापस नाई होत."

ती हळूच बोलली होती. पण मागे दुर्गेश होता, आणि त्याच्या मागे आणखी माणसं. बकारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मिस्त्रीले कायले विचारू? ट्रॅक्टर माहा आहे," तो म्हणाला. "तू जलमली नवती तवापासून चाक धरून रायलो मी. सांगतलं ते दे."

कोणीतरी हसलं. प्रेरणानं मान खाली घातली, आत जाऊन जड खोका आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. दुर्गेश म्हणाला, काकांपुढे कोणाचं चालत नाही. ते ऐकून बकारामला बरं वाटलं. रेल्वेत तो खोका मांडीवर घेऊन बसला होता.

दुपारी गुड्डूनं ट्रॅक्टर खोलला. खाली जॅक आणि लाकडाचे ठोकळे लावून त्यानं बोल्ट काढले आणि इंजिनाचा भाग पुढे ओढला. ट्रॅक्टर मधोमध दोन झाला. रोवणा करणाऱ्या बायाही पाहायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बकारामच्या बांधीत त्यांची पाळी होती. गुड्डूनं आतून काळी पडलेली थाळी काढली. तिच्यावरचा थर पार झिजून आतले रिव्हेट वर आले होते. मग त्यानं हात पुसून नवा खोका फोडला आणि आत पाहून बसूनच राहिला.

"हे काय आनले, काकाजी?"

बकारामनं खोक्यात वाकून पाहिलं.

"हे तं प्रेशर प्लेट आहे. आपली चांगली आहे. मी क्लच प्लेट सांगतलो होतो ना तुमाले."

सगळे बकारामकडे पाहायला लागले. कुसुमबाई, बाया, गुड्डू. दुभंगलेल्या ट्रॅक्टरमधून तेल ठिबकत होतं. मला नाव आठवलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलंही. पण निघालं ते दुसरंच.

"मी क्लच प्लेटच मांगतलो," तो म्हणाला. "काउंटरवर एक पोरगी आहे. तिनं हे बांधून देल्ली. मी खोका खोलून नाई पायलो."

कुसुमबाईचा चेहराच बदलला. तिनं त्या पोरीला दोन शिव्या हासडल्या. बायांतली एक म्हणाली, आजकाल कोणालाही काउंटरवर उभं करतात. गुड्डू म्हणाला, उद्या बदलून आणा, काय करता. बायांनी आपसात बोलून ठरवलं की आधी दुर्गेशकडचा रोवणा उरकायचा आणि मग इकडे यायचं. बांधीतलं पाणी रोज बोटभर उतरत होतं. पऱ्ह्यांची टोकं पिवळी व्हायला लागली होती.

बकारामला एकट्यानं जायचं होतं. कुसुमबाई ऐकायला तयार नव्हती. तुम्ही भोळे, तुम्हाला कोणीही फसवते, मीच बोलते, असं म्हणून तिनं तांबडं पातळ नेसलं आणि खोका आपल्या डोक्यावर घेतला. रेल्वेत तिच्याजवळ बसून तो सारखा ठरवत होता, आता सांगू. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं. बाजूला माणसं होती. मग गोंदिया आलं.

दुकानात शिरताच कुसुमबाईनं खोका काउंटरवर आदळला. ती बोलायला लागली तशी गिऱ्हाइकं बाजूला झाली. आमचा माणूस काय मागतो आणि तुमची पोरगी काय देते, आमचा ट्रॅक्टर दोन तुकडे होऊन पडला आहे, बाया दुसऱ्याच्या बांधीत गेल्या, आमचे पऱ्हे मेले तर तू येऊन रोवशील का? बकाराम दारापाशी उभा होता. शेठ गल्ल्यावरून उठून आला. त्यानं प्रेरणाला विचारलं, ये क्या है? प्रेरणा म्हणाली, काकांनी हेच मागितलं होतं. मग तिनं बकारामकडे पाहिलं.

"काकाजी, मी तुमाले दोनदा विचारली ना? मिस्त्रीले फोन लावा म्हणली ना?"

बकारामनं तिच्या शर्टावरच्या बटणाकडे पाहिलं.

"मले याद नाई," तो म्हणाला.

शेठनं आणखी काही विचारलं नाही. लोकांसमोर तो तिला हिंदीत बोलत राहिला. बेटी समझके रखा, भरोसा किया, दुकान का नाम खराब कर दिया. तिनं एकदाच तोंड उघडलं, पण शेठनं हात वर केला. तिनं मागच्या मांडणीतून क्लच प्लेट काढली, कागदानं पुसली आणि कुसुमबाईसमोर ठेवली. मग शेठनं तिला काउंटरमधून बाहेर यायला सांगितलं. उद्यापासून येऊ नको म्हणाला. ती खुंटीवरची ओढणी घेऊन त्यांच्या अगदी अंगावरून बाहेर गेली. बकाराम दारात होता, त्याला अंग चोरून तिला वाट द्यावी लागली.

गुड्डूनं ट्रॅक्टर जोडून दिला. चाकं चिखल उपसायला लागली. दुर्गेशकडचं आटोपून बाया आल्या. पाठ वाकवून, ओळीनं मागे मागे सरकत त्या पऱ्हे टोचत होत्या. पलीकडच्या बांधीत बकाराम चिखलणी करत होता. पाणी अजून पुरेसं होतं. सगळं निभावलं होतं.

पण त्याला जेवण जात नव्हतं. प्लेट कशी छान बसली, ट्रॅक्टर कसा ओढतो, असं कोणी म्हटलं की तो तोंड फिरवायचा. क्लच दाबायला पाय उचलला की ती ओढणी घेऊन जाताना दिसायची. आणि कुसुमबाई तीच गोष्ट सांगत होती. रोवताना गाणी संपली की बाया तिला म्हणायच्या, सांग वो, कशी बोलली त्या पोरीले. ती सांगायची. पहिल्या दिवशी होतं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यात पोरगी उलटून बोलली होती. तिसऱ्या दिवशी पोरीनं पाय धरले होते. बाया हसायच्या. कुसुमबाईच्या आवाजात एक तजेला आला होता. जन्मभर ती शहरातल्या काउंटरांपुढे दबून बोललेली बाई होती. पहिल्यांदाच कोणी तिचं ऐकून घेतलं होतं.

त्या दिवशी एक म्हातारी बाई वाकल्या वाकल्याच म्हणाली, "पन काढून टाकलं म्हनतेस. कोनाची पोर होती बिचारी."

"चूक केली तं भोगा लागते," कुसुमबाई म्हणाली.

ट्रॅक्टर त्या वेळी अगदी धुऱ्याशेजारून वळत होता. बकारामनं इंजिन बंद केलं. अचानक सगळं शांत झालं आणि बायांनी माना वर केल्या. तो सीटवरून उतरला नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर पाण्याकडे पाहत तो बोलला.

"तिची चूक नवती. मीच प्रेशर प्लेट मांगतलो. मले नाव याद नवतं. ते दोनदा विचारली, मी तिच्यावरच चिडलो. घरी आलो आन खोटं सांगतलो."

कुसुमबाईच्या हातात पऱ्ह्यांची पेंडी होती. तिनं एकदा बायांकडे पाहिलं. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. सगळ्या जणी एकदम कामाला लागल्या होत्या. तीही वाकली. ओळीत ती मागे पडली नाही, उलट भराभर रोवत गेली, आणि तिचं तोंड दुपारपर्यंत कोणाला दिसलं नाही. बकारामला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. पण त्याला एवढंच कळलं की आपली लाज आपण आता बायकोच्याही डोक्यावर दिली, आणि तीही चारचौघींत.

जेवणाची शिदोरी तिनं त्याच्यापुढे सरकवली आणि स्वतः लांब बसली. उठताना म्हणाली, "त्या पोरीचं गाव इचारा. रोवणा सरला का जाऊ."

गुड्डूनं दुकानात ओळखीच्या माणसाला विचारून गाव काढलं. नागरा. महादेवाच्या देवळामागे घर. दोघं गेले तेव्हा दारात अनुसयाबाई, प्रेरणाची आई, तांदूळ पाखडत होती. लांबून आलेली माणसं म्हणून तिनं आधी पाणी दिलं, खाट टाकली. कोण म्हणून विचारलं. बकारामनं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. पुढचं सगळं ती उभ्यानं ऐकत होती. मधेच म्हणाली की पोरीला बापानं आधीच सांगितलं होतं, दुकानात लागू नको, लोक नावं ठेवतील. आता तो रोज तेच म्हणतो. काय चूक झाली ते घरात तिला कोणी विचारलंच नाही.

प्रेरणा दुसऱ्यांच्या रोवण्यावरून आली. पायांचा चिखल वाळून पांढरा झाला होता. त्यांना पाहून ती अंगणातच थांबली. कुसुमबाई उठली. तिनं हात जोडले.

"हात नका जोडू, काकी," प्रेरणा म्हणाली. "लोक पाहून रायले."

बकाराम जे बांधीत बोलला तेच पुन्हा बोलला. ती ऐकत राहिली.

"हे मले माहीतच आहे," ती म्हणाली. "मले कायले सांगता? जेथं खोटं बोलले तेथं सांगा."

तिनं हातपाय धुतले, कपडे बदलले आणि त्यांच्याबरोबर निघाली. ऑटोत ती ड्रायव्हरशेजारी बसली.

दुकानात तसलीच गर्दी होती. काउंटरवर आता एक माणूस होता. शेठनं बकारामला ओळखलं नाही. प्रेरणाला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. बकाराम काउंटरपाशी गेला. सांगायचं म्हणून वाटेत जुळवलेलं सगळं निसटलं. "शेठजी," तो म्हणाला, पण आवाज बारीक आला. एका गिऱ्हाइकानं त्याला मागे सरकायला सांगितलं, लाइन आहे म्हणाला. तेव्हा तो मोठ्यानं बोलला.

"या पोरीची गलती नवती. मले पार्टचं नाव येत नवतं. ते मले समजावत होती. मी झूट बोललो, शेठजी."

लोकांनी वळून पाहिलं. एक तरुण माणूस हसला, दुसऱ्यानं त्याच्या कानात काही सांगितलं. मग शेठनंही हसून हात हलवला.

"अरे छोडो ना भैया. इतनी सी बात के लिए इतने दूर से आए?"

इतकीशी बात. बकारामला वाटलं होतं, शेठ चिडेल, दोन शब्द ऐकवेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. शेठनं प्रेरणाला सांगितलं, यायचं असेल तर ये उद्यापासून, पण काउंटरवर आता माणूस ठेवला आहे. तू मागे गोदामात माल लाव, दिवाळीनंतर पाहू. ती काउंटरवरच्या नव्या माणसाकडे पाहत होती. बकाराम म्हणाला, काउंटरचंच काम तिला येते, शेठजी. शेठनं ऐकलं नाही, तो फोन घेत होता.

"येतो उद्यापासून," प्रेरणा शेवटी म्हणाली.

बाहेर आल्यावर कुसुमबाईनं तिला आपल्या घरच्या तांदळाची पिशवी द्यायला काढली. तिनं ती घेतली नाही. रागानं नव्हे, ठीक आहे, राहू द्या, म्हणाली, आणि नागऱ्याच्या ऑटोत बसली.

परतीच्या रेल्वेत गर्दी नव्हती. कुसुमबाई खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. बाहेर सगळीकडे रोवलेल्या बांध्या होत्या. ती खिडकीबाहेर पाहतच बोलली.

"तुमी पह्यल्याच दिवशी सांगतले असते, नाव याद नाई रायलं म्हणून, तं काय झालं असतं? मी काय हासली असती?"

बकारामनं विचार केला. आता खोटं बोलायची त्याच्यात ताकद नव्हती.

"हो," तो म्हणाला. "हासली असतीस. त्या बायांसमोर."

कुसुमबाईनं पिशवीच्या बंदाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"हासली असती," ती म्हणाली. "पन संध्याकारपर्यंत इसरून गेली असती."